ब्रेकला तेल कोणी घातले

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत गेली तीन वर्षे एक विनोद चालत आला आहे. काकूंनी ब्रेकला कुंकू लावले आणि काका झेंडूच्या ढिगात गेले. काका म्हणजे मी, काकू म्हणजे माझी बायको; आणि तो विनोद मीच पसरवला. त्यातला झेंडू खरा आहे. बाकीचे आता दुरुस्त करतो.

माझी सायकल तीनचाकी आहे. पुढे दोन चाके, मागे एक. आरामखुर्चीत रेलल्यासारखे पडायचे आणि पाय समोर लांब करून पेडल मारायचे. इतकी ठेंगणी सायकल गाडीवाल्यांना दिसावी म्हणून मागे उंच काठीवर झेंडा. गुडघे आणि तोल दोन्ही रुसल्यावर ती घेतली. "झोपल्या झोपल्या फिरायला जाणारा माणूस आमच्याच घरात निघाला," असे बायको तेव्हा म्हणाली होती.

पावसाळाभर सायकल पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली असते. नवरात्रात तिला बाहेर काढायचे, सीटवरची बुरशी घासायची, साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब साखळी पुसायची, टायरात हवा भरायची. खंडेनवमीला इमारतीतल्या सगळ्या गाड्यांबरोबर तिची पूजा आणि दसऱ्याच्या सकाळी तलावपाळीला पहिली फेरी. पूजा बायकोच करायची, एकूण एक गाडीची. तिच्या बोटाचे कुंकू लागल्याशिवाय कोणी किल्ली फिरवत नसे.

तीन वर्षांपूर्वी या साफसफाईत पुढचा डिस्क ब्रेक कुईकुई करू लागला. मी आयुष्यभर कारखान्यात मशीन सांभाळली. आवाज आला की तेल, हे हातात भिनलेले. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली उचलली आणि डिस्कवर चार थेंब सोडले. आवाज थांबला. आता ब्रेकही धरणार नाही, हे पाचवीतल्या पोरालाही कळले असते.

दुसऱ्या दिवशी बायकोने पूजेत त्याच डिस्कला कुंकवाचे बोट लावले. दसऱ्याला तलावपाळीच्या वळणावर मी ब्रेक दाबला. सायकल थेट फुलवाल्या मावशींच्या झेंडूत शिरली.

"आजोबा, आज सोनं लुटायचं असतं, झेंडू नाही!" मावशी ओरडल्या.

घरी परतलो तेव्हा टकलावर पाकळ्या होत्या आणि पार्किंगमध्ये अख्खी इमारत. काय झाले ते मला वळणावरच कळले होते. पण मशीनवाल्याने ब्रेकला तेल घातले, हे कोणत्या तोंडाने सांगू?

"हिचं कुंकू!" मी म्हणालो. सगळे हसले.

"एवढ्याशा कुंकवानं?" ती एवढेच बोलली आणि वर गेली.

त्यानंतर ती पूजेला खाली उतरली नाही. कोणी बोलवायला आले की म्हणायची, "नको बाई, माझा हात लागला की माणसं झेंडूत जातात." घरातच विळी-सुरी पुजायची. मी सायकल पुसत बसायचो आणि गप्प राहायचो.

या खंडेनवमीला मात्र ताडपत्री काढून वर गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळे सांगितले.

तिने गॅस बंद केला. "आता हे खाली सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"माझं नाव घेतलंत तेव्हा कानात घेतलं होतंत का?"

खाली जाऊन सांगितले. एका स्कूटरला हार घालता घालता तिसऱ्या मजल्यावरचे वकील थांबले. "म्हणजे काका, तीन वर्षं खोटी साक्ष?"

"हो."

"आणि काकू शिक्षा भोगतायत."

तेवढ्यात ती जिन्यावरून उतरली. ताटात हळदकुंकू, फुले, अक्षता, आणि मधोमध ती तेलाची बाटली. तिने पाट मांडला, बाटली त्यावर ठेवली आणि तिला ठसठशीत कुंकू लावले.

"करा नमस्कार. आज शस्त्रांची पूजा ना? आमच्या ह्यांचं शस्त्र हे."

इमारत हसली. या वेळी तीही हसली. मी वाकलो, तसे दोन्ही गुडघे कुरकुरले.

"अहो, आवाज येतोय," बाटली उचलत ती म्हणाली. "घालू चार थेंब?"

मग तिने एकेक करून सगळ्या गाड्यांना कुंकू लावले. माझी सायकल शेवटी. तिच्या काठीवरच्या झेंड्याला फक्त बोट टेकवले, ब्रेकपासून जितके लांब जाता येईल तितके लांब.