अमेरिकेच्या घराण्याची चौकशी

मी लालबागहून अमेरिकेला निघाले तेव्हा माझी बॅग खालच्या मसालेवाल्याच्या काट्यावर तोलली होती. विमानात किती वजन चालतं यावर चाळीतल्या प्रत्येकाचं वेगळं मत, आणि आईचं मत असं की विमानाचं काय बघायचं, मुलीच्या पोटाचं बघा. त्यामुळे स्वेटर बाहेर आला आणि कुळथाचं पीठ आत गेलं. काट्यावरची मिरचीपूड बॅगेला चिकटली, आणि तिकडे उतरल्यावर बॅग तपासणारा साहेब असा काही शिंकायला लागला की त्याने मला हातानेच 'जा, जा' केलं. अमेरिकेत माझं स्वागत झालं ते हे असं. टॅक्सी सुटताना आई रडली नाही. खिडकीत वाकून एवढंच म्हणाली, "पोचलीस की कळव. आणि तिथे कोणाला उलट बोलू नकोस."

आता न्यू जर्सीत माझं घर आहे, बेसमेंट आहे, ड्राइव्हवे आहे आणि ड्राइव्हवेवरचा स्नो उपसून उपसून कामातून गेलेली कंबर आहे. मीटिंगमध्ये मी दिवसभर 'साउंड्स गुड' म्हणते आणि टेबलाचा कोपरा लागला की 'आई गं' म्हणते. जे माझ्यासारखे गेलेत त्यांना हे सांगायला नको. जे राहिलेत त्यांना वाटतं आम्ही तिकडे मजेत आहोत. आहोत हो, पण मजेलासुद्धा सुट्टीचा दिवस लागतो.

गेल्या हिवाळ्यात मी आले ती आईला न्यायलाच. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली, खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, टॉवर व्हायला काही वर्षं लागणार. बाबा गेल्यापासून आई एकटी. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या: अँटॉप हिलला भाड्याची खोली, नाहीतर माझ्याकडे न्यू जर्सी. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं आहे काय? आईला वाटलं, आहे.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयाची व्याख्यानमाला आली. विषय, अमेरिकेचा इतिहास. चार संध्याकाळी, वक्ते दादरचे एक निवृत्त प्राध्यापक. अर्धी गल्ली तिकडे गेली, निदान कुठे गेली ते तरी कळू दे, असा वाचनालयाचा विचार असावा. आईने जाहीर केलं, "मी चारही दिवस जाणार."

"अगं, कशाला? मी आहे ना सांगायला."

"तू काय सांगशील? तुझं ऑफिस आणि तुझा तो बर्फ. स्थळ आलं की आधी घराण्याची चौकशी करतात. तुला पाठवताना केली नाही, घाई झाली. आता माझ्या वेळी तरी करू दे."

पहिल्या दिवशी ती काठापदराची साडी नेसून, शेजारच्या शकूमावशीला घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसली. मी मागे. सर छान बोलत होते. जहाजातून गोरे लोक उतरले, थंडीत उपाशी मरायला लागले, तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मका दिला, पेरायला शिकवलं. आणि मग हळूहळू या पाहुण्यांनी त्यांची जमीन घेतली. कार्यक्रम संपल्यावर आई जिन्यातच सुरू झाली. "म्हणजे पोटभाडेकरूने मालकाला बाहेर काढला! असली माणसं तर आपल्या चाळीतही होती, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?"

दुसऱ्या दिवशी हॉल तुडुंब. पॅसेजमध्ये माणसं, मागे उभी माणसं, दोन लहान मुलं तर टेबलाखाली. सर भारावून गेले. भानगड अशी झाली होती की फळा लिहिणाऱ्याने 'बोस्टन टी पार्टी'चं आपलं मराठी करून ठेवलं होतं: 'आज सायंकाळी बोस्टन चहापान. सर्वांनी अवश्य यावे.' आता चहापान म्हटल्यावर लालबागमध्ये कोण घरी बसणार? सरांनी रंगात येऊन सांगितलं की करावर चिडून त्या लोकांनी जहाजातला सगळा चहा पेट्यांसकट समुद्रात फेकला. शकूमावशी मोठ्याने म्हणाली, "अरे मेल्यांनो, मग आता आम्ही काय प्यायचं?" हॉल हसून लोळला. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बोलावून सगळ्यांना कटिंग द्यावा लागला. आईला मात्र हसू आलं नाही. "राग आला तर वस्तू फेकतात. हे वळण चांगलं नाही."

मी वैतागले. "आई, अडीचशे वर्षं झाली त्याला!"

"वळण लगेच जातं होय?"

तिसऱ्या दिवशी सर गुलामगिरीवर बोलले. बाजारात उभी करून विकलेली माणसं, आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे विकलेलं. मग त्यावरून झालेलं युद्ध. त्या दिवशी आई घरी येऊन धड जेवली नाही. मग माझ्याकडे अशी बघत म्हणाली जणू मीच लिलाव पुकारला होता, "आणि तू तिथे टॅक्स भरतेस?" मी म्हटलं, "आई, शेवटी भाऊ भावाशी लढला, पण ते बंद केलं ना?" त्यावर ती जरा नरमली. "ते मात्र खरं. आमच्या गावाला भाऊ भाऊ भांडतायत ते एका फणसाच्या झाडावरून, आणि त्यात कोणाचंच भलं झालेलं नाही." मला वाटलं, आता जमतंय. मी मनातल्या मनात तिच्यासाठी खालची बेडरूम लावूनसुद्धा टाकली.

चौथ्या दिवशी सरांनी जगभरातून जहाजं भरभरून गेलेल्या माणसांची गोष्ट सांगितली. ऐकताना माझेच डोळे भरून आले, कारण ती माझीच गोष्ट होती, फक्त त्यात कुळथाचं पीठ नव्हतं. नंतर प्रश्नोत्तरं. आपल्याकडे प्रश्नोत्तरांत कोणी प्रश्न विचारत नाही, उभं राहून स्वतःचं व्याख्यान देतात. तशी दोन झाली. मग पुढच्या रांगेत आई उभी राहिली.

"सर, एवढी माणसं घरदार सोडून तिकडे गेली, ते तुम्ही छान सांगितलंत. त्यांच्या आया मागेच राहिल्या असतील ना? त्यांचं पुढे काय झालं?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. "बाई, खरं सांगू? माझ्या वाचनात नाही. गेलेल्यांचंच जास्त लिहिलं गेलंय."

"मग अर्धाच झाला की हो इतिहास," आई म्हणाली आणि खाली बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शकूमावशीने शिट्टी मारायची तेवढी बाकी ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याशी जे कधी बोलली नाही ते अख्ख्या लालबागसमोर बोलून मोकळी झाली! मी इतकी चिडले होते की वाटेत तिच्या चार पावलं पुढेच चालत होते. चाळीच्या पायरीशी येऊन वळले आणि विचारलं, "मग? पसंत नाही ना स्थळ?"

"स्थळ ठीक आहे," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्या घराण्यांत असतंच काहीतरी. पण मी अँटॉप हिलला जाते."

"एकटी? का पण?"

आई हळवी झाली की मालवणीत शिरते. पायरीवर टेकली, माझा हात धरला. "अगो, मी पण थंय इलंय, तर मगे तू येतलंस खंय?"

तीही तिकडे आली, तर मी परत यायचं कुठे? तिथेच तिच्या शेजारी बसले आणि मोठ्याने रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी.

आता तिकडे कोणी विचारलं, इंडियात घर कुठे, तर लालबाग तोंडात येत नाही. मी अँटॉप हिल सांगते. दुसरा मजला, पाणी पहाटे येतं, समोरच्या बाईशी आईचं आधीच वाजलंय. मी तिथे अजून एकदाही गेलेली नाही.