हार्लो फॉल्सचा शिक्का

लिझेट थिबोडोच्या तोंडी लागू नये, हे हार्लो फॉल्स गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखा वागायचा तो एकटा एव्हरेट पाइक. तो गन क्लबचा अध्यक्ष होता आणि तेही इतकी वर्षं की, आपल्याला कुणी उलट बोलू शकतं हे तो विसरूनच गेला होता.

लिझेटचं आयुष्य गेलं ते हाल्डनर कंपनीत. कंपनी मूळची जर्मन. हाल्डनर पिस्तूल म्हटलं की हौशी माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर आणि चष्मा लावलेला म्हातारा जर्मन कारागीर उभा राहतो. प्रत्यक्षात इथे विकली जाणारी बहुतेक हाल्डनर पिस्तुलं आमच्या न्यू हॅम्पशायरमध्येच, नदीकाठच्या लाल विटांच्या इमारतीत बनत. त्या इमारतीत पूर्वी बुटांचा कारखाना होता. लिझेटची आई तिथेच बुटांना तळ शिवायची, रविवारी तेच बूट घालून चर्चला जायची आणि पायरीवर मुद्दाम पाय आपटून शेजारणींना म्हणायची, "हे आमचे."

लिझेटलाही तसंच म्हणायचं होतं. तिचं काम जुळणीचं. पिस्तुलाच्या सांगाड्यावर वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, असा बसवायचा की तो सहज सरकावा पण तसूभरही डुगडुगू नये. कानसेचे दोन हात मारायचे, पुसायचं, सरकवून बघायचं, शिवी घालायची, पुन्हा कानस. वसंतात ती निवृत्त झाली तेव्हा कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या दिवशी तिने जुळवलेलं पिस्तूल कंपनीने तिलाच भेट दिलं. त्याच्या डाव्या अंगावर शिक्का होता: हार्लो फॉल्स, न्यू हॅम्पशायर.

ते घरी आणून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. नॉर्मंड हा भला माणूस. त्याच कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. त्याने चष्मा लावून पिस्तूल नीट पाहिलं.

"छान आहे. पण..."

"पण काय?"

"पण म्हणजे, आपलंच आहे."

लिझेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आपलंच आहे म्हणजे काय रे? मी तुझीच आहे म्हणून काय मला पण मोज्यात घालून ठेवणार आहेस?"

मोज्याचा टोमणा नॉर्मंडच्या वर्मी लागला. कारण त्याच्याकडे अगदी त्याच जातीचं हाल्डनर होतं, फक्त जर्मनीच्या शिक्क्याचं, आणि ते तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवायचा. वर्षातून एकदा बाहेर काढायचा, तेल लावायचा, पुन्हा मोज्यात. आणि नॉर्मंडच तसा होता असं नाही. अर्धा क्लब कारखान्यात कामाला. दिवसभर स्वतःच्या हातांनी पिस्तुलं बनवायची आणि संध्याकाळी दुकानात जाऊन विचारायचं, जर्मन शिक्क्याचं एखादं आलंय का हो? या लोकांना काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

क्लबमध्ये तर शिक्क्याचं फारच प्रस्थ. पिस्तूल रिकामं करून, स्लाइड उघडी ठेवून बाकावर ठेवायचं, हा सुरक्षेचा नियम. पण ते शिक्क्याची बाजू वर करून ठेवायचं, हा क्लबचा शिष्टाचार. ज्यांचा शिक्का गावचा होता ते गुपचूप उलट्या बाजूने ठेवत. आणि नोव्हेंबरात टर्की शूट, म्हणजे नेमबाजीची वार्षिक स्पर्धा, होई तेव्हा शेवटच्या मोठ्या फेरीत जर्मन शिक्का असेल त्यालाच उभं राहू देत. टर्कीला कुणी गोळी घालत नसे बरं का, ती बिचारी आधीच बर्फात गोठलेली असे. नेम मारायचा कागदावर, आणि जिंकणाऱ्याने टर्की घरी न्यायची. टर्कीपेक्षा मोठा मान पितळी पट्टीचा. विजेत्याचं नाव आणि खाली पिस्तुलाचं गाव कोरून ती भिंतीवर ठोकत. भिंतभर पट्ट्या होत्या आणि त्यावर आमच्या गावाचं नाव एकदाही नव्हतं.

मोठ्या फेरीचा हा नियम एव्हरेटने करून घेतलेला. कारखाना नवा असताना पहिल्या मालातलं एक पिस्तूल ऐन स्पर्धेत त्याच्या हातात गोळी अडकून बंद पडलं होतं. चारचौघांत झालेली फजिती माणूस विसरत नाही. त्या दिवसापासून त्याने गावच्या शिक्क्याशी जे वैर धरलं ते धरलंच.

निवृत्तीनंतर आलेल्या त्या नोव्हेंबरात लिझेटने ठरवलं होतं की मोठ्या फेरीत उभं राहायचं, आणि तेही याच पिस्तुलाने. उन्हाळाभर ती रेंजवर जाऊन नेम मारत होती. नॉर्मंडने एकदा दबक्या आवाजात सुचवून पाहिलं, "माझं घेऊन जा ना. कुणाला काही बोलायला नको." त्यावर त्याला दोन दिवस स्वतःचं जेवण स्वतः गरम करून घ्यावं लागलं.

टर्की शूटचा दिवस उजाडला तो कडक थंडीचा. बीन्सची हंडी आदल्या संध्याकाळीच निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरून ठेवलेली होती. ती वर काढली तशी गुळमट धुराचा वास सगळीकडे पसरला आणि लोक थाळ्या घेऊन रांगेला लागले. लिझेट रांगेला न लागता थेट एव्हरेटच्या टेबलापुढे गेली. पिस्तूल रिकामं करून तिने शिक्क्याची बाजू वर करून ठेवलं.

"मोठ्या फेरीत माझं नाव घाल."

एव्हरेटने शिक्का वाचला आणि पिस्तूल एका बोटाने तिच्याकडे सरकवलं. "लिझेट, नियम तुला माहीत आहे. छोट्या फेऱ्यांत मार की. तिथेही जिंकणाऱ्याला डोनट देतात."

"डोनट मी घरी तळते. नियम का आहे ते सांग."

"कारण हाल्डनर म्हणजे जर्मनीचं. बाकी सगळी नक्कल. हातात घेतल्या घेतल्या कळतं."

"तुला कळतं?"

"डोळे मिटून."

आता रांगेतले लोक थाळ्या हातात धरून वळून बघायला लागले होते. लिझेटला हेच हवं होतं. ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "ठीक आहे. नॉर्मंडचं आणि माझं पिस्तूल एकाच जातीचं. त्याचं मोज्यातून निघतच नाही, म्हणून तेही नव्यासारखं. दोन्ही शिक्क्यांवर काळी टेप लावू. तू दोन्हींनी मार आणि जर्मन कुठलं ते सांग. ओळखलंस तर मी पुन्हा नाव काढणार नाही. वर दर वर्षी या जेवणाला माझ्या हातची मीट पाई, मरेपर्यंत."

लिझेटची डुकराचा खिमा भरून भाजलेली मीट पाई म्हणजे गावात मोठी गोष्ट. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओळख रे बाबा, एव्हरेट!"

"आणि नाही ओळखलं तर?" एव्हरेटने विचारलं.

"तर नियम आज, आत्ता, या बीन्स थंड व्हायच्या आत रद्द."

एव्हरेट हसला. "टेप कोण लावणार? तू नाही हं."

"नॉर्मंड लावेल. तो तर तुमच्याच बाजूचा आहे."

बिचारा नॉर्मंड. बायको एकीकडे, मोजा एकीकडे. आयत्या वेळी तिने ऐकलंच तर म्हणून त्याने आपलं पिस्तूल मोज्यासकट कोटाच्या खिशात आणलं होतं. तो दोन्ही पिस्तुलं घेऊन शेडमागे गेला, टेप लावून आला आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता ती बाकावर ठेवून उभा राहिला. कुठलं पिस्तूल कुणाचं ते त्या क्षणी जगात त्याला एकट्याला माहीत होतं. लिझेट त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, पण त्याने तो दगडासारखा करून ठेवला होता. आणि आता कुठे तिला भीती वाटली. पैज मारताना वाटली नव्हती. एव्हरेटने नुसत्या नशिबाने जरी बरोबर बोट ठेवलं, तरी तिचं उभं आयुष्य नक्कल ठरणार होतं, सगळ्या गावासमोर, आणि ते कुणी कधी विसरणार नव्हतं.

सगळ्यांनी कानांवर आवाज रोखणारे मफ चढवले. एव्हरेटने पहिलं पिस्तूल उचललं आणि पाच गोळ्या मारल्या. मग दुसरं उचललं. स्लाइड मागे ओढताना तो क्षणभर थांबला, पुन्हा एकदा ओढून पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर बाळ बघितल्यासारखं हसू आलं. पुन्हा पाच गोळ्या. कागद आणले गेले. पहिल्यावर भोकं बरी होती, पण विखुरलेली. दुसऱ्यावरची पाचही एका बशीखाली झाकली गेली असती.

एव्हरेटने दुसरं पिस्तूल रिकामं केलं आणि तळहातावर धरलं. "हे. स्लाइड कशी सरकते ते बघा. असं काम शिकायला पिढ्या जाव्या लागतात. लिझेट, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे इथल्या हातांचं काम नव्हे."

"नॉर्मंड," लिझेट म्हणाली, "काढ टेप."

नॉर्मंडची बोटं गारठली होती, टेपचं टोक सापडेना. शेवटी त्याने ती नखाने उचकटली आणि शिक्का मोठ्याने वाचला. "हार्लो फॉल्स, न्यू हॅम्पशायर." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तो म्हणाला, "हे माझ्या बायकोने केलंय."

रांगेतले लोक थाळ्या खाली ठेवून शिक्का बघायला पुढे आले. एव्हरेटचा चेहरा उतरला. त्याने आधी टेप बघितली, मग नॉर्मंडला, मग पुन्हा शिक्का. "सुटे भाग तर जर्मनीहूनच येत असतील ना," तो पुटपुटला.

"पोलाद पेन्सिल्व्हेनियाचं," लिझेट म्हणाली. "मुठीच्या फळ्या कुठून येतात देव जाणे. जुळवताना घातलेल्या शिव्या मात्र सगळ्या माझ्या."

मग जो हशा उसळला, त्यात सगळ्यात मोठ्याने हसत होते ते कारखान्यातले लोक. हसता हसता एकेकजण आपापल्या बाकाकडे गेला आणि इतकी वर्षं उलटं ठेवलेलं पिस्तूल सुलटं करून आला. एव्हरेटचं एक मात्र मानलं पाहिजे. शब्दाचा पक्का. त्याने भिंतीवरचा नियमांचा फलक उतरवला, खिशातल्या चाकूने ती ओळ खरवडून काढली आणि यादीत लिझेटचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

मोठ्या फेरीत लिझेटचा पहिला नेम थोडा बाहेर गेला, कारण तिचे डोळे भरून आले होते. तिने बाहीने डोळे पुसले, स्वतःलाच एक शिवी घातली, आणि पुढे तिला कुणी गाठू शकलं नाही. टर्की नॉर्मंडने खांद्यावर घेतली. गाडीत बसल्यावर त्याने मोजा खिशातून काढला, त्यात आपलं नाही तर तिचं पिस्तूल घातलं आणि अगदी अलगद तिच्या मांडीवर ठेवलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली, पण त्याचा हात तिने घरापर्यंत सोडला नाही.

पट्टी भिंतीवर लागली. लिझेट थिबोडो, हार्लो फॉल्स. कारखान्यातल्या बाया सुट्टीत येऊन त्या पट्टीवर बोट फिरवून जायच्या. गावच्या शिक्क्याला दुकानात एकदम भाव आला, आणि लिझेट जाईल तिथे लोक खुर्ची पुढे करायला लागले.

मार्चमध्ये क्लबात पॅनकेकची न्याहारी होती. लिझेट पॅनकेकवर मेपलचा पाक ओतत होती, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एव्हरेटचा आवाज आला. तो एका नव्या सभासदाला समजावत होता. "हाल्डनर घ्यायचं तर इथलंच घे. जर्मनीचं नको. पण बघून घे हं, मागच्या वसंताआधीचं असलं पाहिजे. तेव्हा आपली लिझेट होती. आता तिच्या जागी कोणी केंड्रा म्हणून पोरगी आली आहे. पूर्वीचं काम राहिलं नाही. हातात घेतल्या घेतल्या कळतं."

केंड्राला लिझेटनेच तयार केलं होतं. खरं सांगायचं तर केंड्राचा हात तिच्याहून हलका होता. हे लिझेटने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण आईने चर्चच्या पायरीवर ज्यासाठी पाय आपटले, ते आज एव्हरेट पाइकच्या तोंडून ऐकू येत होतं. म्हणून तिने त्याला बोलू दिलं, आणि तेवढ्यात अख्खा पॅनकेक चवीने खाल्ला.

मग काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "एव्हरेट, टेप आण."