तिसऱ्या राउंडचा निकाल

माझा हात कधीच मोडला नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही... बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सुकदेवला तर नाहीच. मागच्या महिन्यात त्याच्या मुलाचा धुळ्याहून फोन आला, "काका, बाबा गेले." मी 'निघतो' एवढंच म्हणालो. फोन ठेवला आणि बराच वेळ आपला उजवा हात चोळत बसलो. मनात आलं ते हेच, की आता सांगायला कुणी उरलं नाही.

आम्ही दोघं बॉक्सर होतो, हे आज आमची पोटं बघून कुणाला पटणार नाही. मी जळगावचा, मेहरूणचा, तो धुळ्याचा. कॉलेजच्या वयात आख्ख्या खान्देशात हेवीवेटला आम्ही दोघंच. बाकीच्या वजनगटांतली पोरं चार-चार लढती खेळून फायनलला यायची, आमची पहिली लढत हीच फायनल. ती जळगावात झाली आणि पंचांनी मला विजयी ठरवलं. पण तिसऱ्या राउंडला त्याचा एक ठोसा माझ्या बरगडीखाली असा बसला, की मला समोरचं दिसेना. पडू नये म्हणून मी त्याला मिठी मारली. रेफ्रीनं सोडवलं, मी परत मारली... आणि घंटा झाली. लोकांना वाटलं, मी डाव खेळतोय. मी नुसता उभा राहायचा प्रयत्न करत होतो.

धुळ्याच्या लोकांना तो निकाल पटला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आमची परत लढत ठरवली. चौकाचौकात हातानं रंगवलेले बोर्ड लागले. सुकदेवनं वर्षभर मेहनत घेतली होती. त्याचे वडील गावाहून पहिल्यांदाच पोराची लढत बघायला येणार होते. आणि मला रोज सकाळी उठलं की बरगडीखालचा तो ठोसा आठवायचा. माझा मावसभाऊ एका हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टर नसताना त्यानं माझ्या चांगल्या उजव्या मनगटाला प्लास्टर घालून दिलं. तो हात गळ्यात अडकवून मी एसटीनं धुळ्याला गेलो. सुकदेवनं तो हात हळूच उचलून बघितला आणि म्हणाला, "लई दुखस का रे, भो?" मी म्हणालो, "खूप." त्याचे वडील पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. ते तसेच उठून गावी गेले.

ती लढत पुन्हा ठरली नाही. मला जळगावच्या विजयाच्या त्या एका सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. सुकदेव आणखी दोन हिवाळे सराव करत राहिला, पण त्याच्या वजनाचा तिसरा माणूस खान्देशात नव्हता. मग त्यानं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान टाकलं. तो त्याबद्दल कधी कडू बोलला नाही. उलट मैत्री त्यानंच धरून ठेवली.

दर हिवाळ्यात नशिराबादजवळ एका मित्राच्या शेतात आमची भरीत पार्टी असायची. तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत घातली, की जुनी मंडळी सुकदेवला छेडायची, "पैलवान, आज लढत आहे का नाही?" आणि तो कळण्याच्या भाकरीचं पीठ मळून रिकामी झालेली परात पालथी करून उलथन्यानं वाजवायचा. ठण्ण! की सुरू. आमची न झालेली लढत तो उभा राहून सांगायचा. "पहिला राउंड जळगाववाल्याचा. हात लांब ना याचे, माकडासारखे! दुसरा बरोबरीत. आता तिसरा... जळगाववाला दमला, सुकदेव आत शिरला..." आणि नेमका तिथं तो परात वाजवायचा. ठण्ण. मग माझ्याकडे वळायचा. "आते तू सांग. कोन जिंकी?"

मी म्हणायचो, "मीच."

सगळे हसायचे. तोही हसायचा, पण जरा उशिरा. दुसरा कुणी निकाल द्यायला लागला तर त्याला गप्प करायचा, "तुला काय कळतं रे? रिंगमध्ये तू होता का?"

एका वर्षी थंडी फार होती. मी जाळापाशी मनगट चोळत म्हणालो, "हे मोडलेलं हाड हिवाळ्यात अजून ठणकतं बघ." सुकदेव माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्या पानात भरीत वाढलं. मला घरी आल्यावर लक्षात आलं... मी डावं मनगट चोळत होतो. त्यानं बघितलं, पण त्याच्या ध्यानात आलं नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. पुढच्या हिवाळ्यातही त्यानं तसंच विचारलं आणि मीही तसंच सांगितलं.

शेवटचा भेटलो तेव्हा तो धुळ्याला घरीच होता. एवढा मोठा माणूस, गादीवर चादरीची घडी ठेवावी तसा पडला होता. वहिनी चहा करायला आत गेल्या. त्यानं बोटाच्या नखानं स्टीलचा ग्लास वाजवला, अगदी बारीक. "सांग ना, भो. कोन जिंकी?" खोलीत तिसरं कुणी नव्हतं. हसणारं कुणी नव्हतं. त्याचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. शब्द ओठांवर आले होते, देवाशपथ आले होते... आणि मी म्हणालो, "मीच रे. आणखी कोण?" तो म्हणाला, "बरं." आणि भिंतीकडे वळला.

तेराव्याला वहिनींनी ती परात माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला पोचे पडलेले. "घेऊन जा, भाऊ. घरात नजरेला पडली की वाजल्यासारखी वाटते." मग पदर सारखा करत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तेस्ले बठ्ठं माहीत व्हतं. सगळं. प्लास्टरचं. मी म्हणायची, मग सरळ विचारत का नाही? तर म्हणायचे, 'तो सोता सांगी.'"

म्हणजे एवढे हिवाळे तो लढतीचा अंदाज विचारतच नव्हता. मला दार उघडून देत होता.

परात आता आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी आहे. बायकोला मी तिच्यात पीठ मळू देत नाही. का ते मी तिला सांगितलेलं नाही, तिनंही विचारलं नाही. येताजाता माझा हात परातीवर जातो, पण वाजवायची हिंमत होत नाही.

ती लढत झाली असती तर तिसऱ्या राउंडला मी पडलो असतो. सुकदेव जिंकला असता. इथं लिहिलं म्हणून ते फिटलं, असं मी मानत नाही. या हिवाळ्यात नशिराबादच्या त्या शेतात, त्याच माणसांसमोर, त्याच्या मुलाला शेजारी उभं करून मला हा निकाल माझ्या तोंडानं सांगायचा आहे. तेवढं माझ्याकडून राहिलं आहे.