दोरी आतल्या बाजूला

पडदे शिवणारे मास्तर संस्थेत गेले ते माप घ्यायला, आणि बाहेर पडले ते सहचिटणीस होऊन. झालं असं, की बेघर तरुणांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या त्या संस्थेची सभा चालू होती आणि ठराव मंजूर करायला नेमकं एक डोकं कमी पडत होतं. मास्तर कोपऱ्यात शिडीवर उभे राहून खिडकीची रुंदी मोजत होते. अध्यक्षबाईंनी मान वर करून विचारलं, "तरुण मुलांनी रस्त्यावर झोपावं असं वाटतं का हो तुम्हाला?"

मास्तर घाबरून म्हणाले, "छे छे! असं कुणाला वाटेल?"

"मग हात वर करा."

एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्या हातात टेप. टेपसकट हात वर गेला आणि ठराव मंजूर झाला. मत ग्राह्य धरायला माणूस पदावर हवा, म्हणून रिकामं पडलेलं सहचिटणीसपद तिथल्या तिथे मास्तरांच्या नावावर लिहिलं गेलं.

घरी बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आता म्हातारपणी चळवळ?" पण मास्तरांना ते पद फार आवडलं होतं. जन्मभर लोकांनी त्यांना 'पडदा जरा डावीकडे सरकवा' एवढंच सांगितलेलं. इथे लोक त्यांचं मत विचारत होते, वर ते लिहूनही घेत होते. अशाने कुणीही विरघळेल. मास्तर शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून हिंडायला लागले.

संस्थेतली माणसं मनाने चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटणार नाही. त्यांचं एक ठाम तत्त्व होतं. संस्था घर देत नाही, संस्था घराची मागणी करते. आपण एकाला जरी घर दिलं, तरी सरकार म्हणणार, हे देतायत की, मग आम्ही कशाला देऊ? तेव्हा आपल्या हातून चुकूनसुद्धा कुणाला घर मिळू नये, म्हणून संस्था डोळ्यांत तेल घालून जपत असे.

या वर्षी सभागृहात एक आदर्श खोली उभारायचं ठरलं. तरुण माणसाला जगायला किती जागा लागते ते सरकारला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. खोली खऱ्या मापाची. तीन बाजूंना पक्क्या भिंती, आत पलंग, टेबल, कपाट, टेबलावर वाकणारा दिवा. चौथी बाजू बघणाऱ्यांसाठी उघडी. उशी एक असावी की दोन, यावर उपसमितीत इतकी हमरीतुमरी झाली की एक जण राजीनामा देऊन गेला आणि चहा आल्यावर परत आला. मास्तरांनीही खिडकीच्या पडद्याच्या अस्तराच्या रंगावर भाषण ठोकलं आणि टाळ्या मिळवल्या.

खोली रिकामी कशी दाखवायची? म्हणून एक खरीखुरी बेघर मुलगी आणली. आई गेल्यावर ती मामाकडे राहायची. मामाने घर विकलं, आणि नव्या घरात तिची गादी काही मावली नाही. पहाटे ती एका बेकरीत पाव भरायला जायची. संस्थेने तिला 'युवा प्रतिनिधी' असा बिल्ला दिला आणि उद्घाटनाआधी तालीम म्हणून रोज दिवसभर त्या खोलीत बसवलं. कधी पुस्तक वाच, कधी खिडकीबाहेर बघ. खिडकीबाहेर भिंत होती, पण बघताना चेहऱ्यावर आशा हवी, असं चिटणीसांनी बजावलं होतं.

संध्याकाळी पाच वाजले की चिटणीस टेबलावरचा दिवा मालवायचे. "चला, वेळ संपली." मुलगी उठायची, उशीवरचा खळगा हाताने सारखा करायची आणि पाण्याच्या पिंपामागे ठेवलेली आपली पिशवी काढायची. खोलीत पिशवी ठेवली तर खोली आदर्श दिसत नाही, असं उपसमितीचं म्हणणं होतं.

एकदा मास्तर सवयीने बोलून गेले, "काय गं, निघालीस का घरी?"

चिटणीस उगाच दिव्याची वायर गुंडाळायला लागले. मुलगीच हसली. "हो ना काका, निघाले." मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

उद्घाटनाचा दिवस आला. फीत कापणं फार जुनं झालं, म्हणून खोलीच्या उघड्या बाजूला मोठा पडदा टांगायचा, मोठ्या पाहुण्यांनी दोरी ओढायची, पडदा सरकायचा आणि आत मुलगी वाचत बसलेली दिसायची. मास्तरांनी जीव ओतून पडदा शिवला. जड कापड, दुहेरी अस्तर, चुणी अशी की बोट फिरवावंसं वाटावं.

दुपारी सभागृह भरलं. पाहुणे पुढे आले, त्यांनी हात लांब केला आणि तो तसाच राहिला. दोरी नव्हती. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुठेच नव्हती.

मास्तरांच्या लगेच लक्षात आलं. जन्मभर त्यांनी घराघरांत पडदे टांगले होते, आणि पडद्याची दोरी असते ती आत राहणाऱ्याच्या हाताशी. हात सवयीचे गुलाम. दोरी आतल्या बाजूला गेली होती.

अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, जरा ओढ बघू दोरी."

आतून आवाज आला, "नाही."

कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. चिटणीस तावातावाने पडद्याकडे निघाले, तेवढ्यात पाहुण्यांनी पडद्याच्या वर लावलेली पाटी मोठ्याने वाचली. संस्थेची पहिली मागणी होती ती, चिटणीसांनीच रंगवलेली: तरुणांच्या खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय कुणीही शिरणार नाही. चिटणीसांचा उचललेला पाय हवेतच राहिला. आजच्यापुरती मागणी स्थगित करावी अशी सूचना त्यांनी मांडली, पण स्वतःच्याच मागणीला स्वतःच विरोध केल्याचं छापून येईल, म्हणून कुणी अनुमोदन देईना.

"मास्तर," अध्यक्षबाई दातओठ खाऊन म्हणाल्या, "दोरी बाहेर घ्या."

काम दोन मिनिटांचं होतं. मास्तर शिडीवर चढले. वरून त्यांना खोली दिसली. मुलगी पलंगावर बसली होती आणि पिशवी तिच्या मांडीवर होती.

ती हळू आवाजात म्हणाली, "काका, मैत्रिणीच्या वसतिगृहात चोरून झोपत होते. काल पकडलं. आता कुठ्ठेच जागा नाही. पडदा उघडला की पाच वाजता दिवा बंद होणार."

मास्तरांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. ते वळले आणि चक्क खोटं बोलले. "दोरी बाहेर येत नाही. पडदा तसाच शिवलाय."

"मग कापा तो!" चिटणीस ओरडले.

"कापा काय? सहचिटणीस म्हणून माझा विरोध लिहून घ्या!"

एवढा आवाज आपल्यात आहे हे मास्तरांना आजवर माहीत नव्हतं.

पाहुण्यांना पुढे आणखी एक उद्घाटन होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पडद्याकडे तोंड करून भाषण केलं, पडद्याला नमस्कार केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पडद्याचा फोटो आला. असं अंगावर येणारं प्रदर्शन आजवर झालं नाही, असं खाली लिहिलं होतं. लोक पडदा बघायला रांगा लावू लागले. पाच वाजता दिवा बंद करायला जावं, तर शिरायची परवानगी मिळेना.

संस्थेने तातडीची सभा घेतली आणि घाम गाळून वाट काढली. पडदा उघडलेला नाही, म्हणजे प्रदर्शनाचं उद्घाटन झालेलं नाही. जे उघडलं नाही ते बंद करता येत नाही, आणि बंद होईपर्यंत खोलीला हात लावता येत नाही. संस्थेने कुणालाही घर दिलेलं नाही, हेही ठरावात ठळक लिहिलं. सगळ्यांचे हात वर गेले, अध्यक्षबाईंचा सर्वांत आधी. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.

जड कापड टांगल्यावर काही दिवसांनी उतरतं, खालची कड जमिनीला लागते. ती वर घ्यायला मास्तर सुईदोरा घेऊन आले. पडद्यासमोर अध्यक्षबाई एकट्याच उभ्या होत्या, हातात बिस्किटांचा पुडा.

"दार नाही ना," त्या कुजबुजल्या, "वाजवायचं काय? दोनदा खाकरले मी."

मास्तरही खाकरले.

"कोण आहे?" आतून मुलीने विचारलं.

बेकरीत, वसतिगृहात, मामाच्या दारात, हा प्रश्न आजवर तिलाच विचारला गेला असणार. मास्तरांचे डोळे भरून आले. "पडदेवाला," ते कसंबसं म्हणाले.

"या की. पण पाय पुसून या, आत्ताच फरशी पुसलीये."

अध्यक्षबाई वाकून चपला काढायला लागल्या.