फुकटातली डिलिव्हरी

माझ्या काटकसरीपायी आमच्या कोन गावातल्या एका नवरदेवाचा मांडव ऐन हळदीच्या दिवशी बोडका राहिला.

त्या दिवशी आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. बाबा जन्मभर शाळेत कारकून. आईला त्यांनी कधी साधा गजरासुद्धा स्वतः आणून दिला नव्हता. सकाळी मला गॅलरीत गाठून ते कुजबुजले, "अरे, ते गुलाबांचं... बुके का काय, मागव ना. हिला द्यायचंय. एकदा तरी!" बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. मला अगदी भरून आलं. (तरीही मी पैसे वाचवायला गेलो, यावरून माझा स्वभाव ओळखा!)

ऑनलाइन बघतो तर फुलांपेक्षा डिलिव्हरी महाग! मी शहरात, निजामपुऱ्यातल्या फुलवाल्याला फोन लावला.

"भाईजान, कोनला पाठवायचं काय घ्याल?"

"हल्दी का टेम्पो जा रहा है ना उधर! उसी में डाल देता हूँ. फ्री! नाम बोलो."

"पाटील, कोन!"

कोनमध्ये दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो. हळदीचं घरही पाटलांचंच असणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण 'फ्री' ऐकलं की माझं डोकं बंद पडतं. कार्डावरचा मजकूर तेवढा बाबांनी सांगितला तसा दिला आणि मी श्रीखंड आणायला बाहेर पडलो.

परतलो तर आमचं घर सापडेना! दाराला तोरण, गॅलरीला झेंडूच्या माळा, खांबाला मोगरा, आणि टेम्पोवाले शिडी उचलून पसार! बाबा इस्त्रीच्या शर्टात उभे होते, डोळे पाणावलेले.

"एवढा खर्च कशाला केलास रे, वेड्या?"

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला उधळ्या ठरवलं होतं. हळदीच्या घरची फुलं चुकून आमच्याकडे उतरलीत, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

तोवर शेजारची वेणूकाकी गल्लीतल्या बायका घेऊन हजर. "कोनाची हळद हाय गं? आमाला सांगलं पन न्हाय!" कारण कळल्यावर तर तिला चेवच आला. टेम्पोवाल्यांनी ठेवलेल्या टोपलीत नवरा-नवरीचे हार होते, तेच तिने दोघांच्या हातात कोंबले. बाबा घाईघाईने पुढे झाले. हार आईच्या चष्म्यात अडकला.

"सावकाश हो," आई म्हणाली, "पन्नास वर्षं थांबलेय, आता कुठे पळून जातेय?"

गल्ली हसली. बाबाही हसले. मला मात्र काही दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात मोटरसायकलवरून नवरदेवाचा मामा उतरला. हातात आमचा बुके!

"ह्यो कोनाचा? कार्डावर लिवलंय, 'पन्नास वर्षं सांभाळून घेतलंस'! पोरांनी आमच्या नवऱ्याला चिडवून चिडवून रडवलाय! आन् आमचा मांडव उघडा!"

बाबांना सगळं उमगलं, चेहरा उतरला. ते गळ्यातला हार काढायला लागले. मामाने आईकडे पाहिलं, आणि त्याचा आवाजच बदलला.

"ऱ्हाऊ द्या काका. हार आमी दुसरं आनतो. काकीच्या गल्यातला काडायचा न्हाय." मग माझ्याकडे वळून, "झेंडूच्या माला मात्र तू उतरव!"

मी शेजारची शिडी लावून एकेक माळ उतरवली, मामामागे बसून पोचवली आणि त्यांच्या मांडवाला स्वतः बांधली. (डिलिव्हरी अर्थातच फुकट!)

संध्याकाळी केसांत झेंडूच्या पाकळ्या घेऊन परतलो. आई अजून हार घालूनच बसली होती, मांडीवर बुके. शेजारी बाबा, कार्ड तिला पुन्हा वाचून दाखवत होते. मी खाली मान घालून सगळा गुन्हा कबूल केला.

आईने आधी मला न्याहाळलं, मग बाबांना.

"हा चिक्कूपणा तुमच्याकडूनच आलाय हो," ती म्हणाली, "पण घरात आज पहिल्यांदा कामी आला!"