पेटीवरचं सातवं फूल

हिंजवडीच्या एका कंपनीत मी दिवसभर कॉम्प्युटरवर फुलं काढायचो. हे ऐकून मी राहायचो त्या नेरे गावातली माणसं माझ्याकडे जरा कीव येऊनच बघत. परभणीहून एवढ्या लांब येऊन, एवढं शिकून, फुलं! परदेशातल्या कुठल्याशा शुभेच्छापत्रांसाठी ती लागत आणि ती हातानं काढल्यासारखी दिसली पाहिजेत, ही तिथल्या लोकांची अट. म्हणजे काढायची यंत्रावर आणि आव आणायचा हाताचा. मला या कामाचा मनस्वी राग यायचा. खरं कारण हे की ते मला जमत नव्हतं.

माझे घरमालक जनार्दनअण्णा मात्र कधी हसले नाहीत. भातखाचरांपैकी निम्मी विकून त्यांनी चार खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक माझी. पण शेती हा त्यांचा जोडधंदा. खरं काम उरवड्याच्या पत्र्याच्या पेट्यांच्या कारखान्यात. तिथं तीस वर्षं त्यांनी लग्नाच्या पेट्यांवर फुलं रंगवली. मुळशीत कुठल्याही जुन्या घरात जा, माळ्यावर हिरवी पेटी असते आणि तिच्या झाकणावर अण्णांची फुलं असतात. पेटी रंगवायच्या आधी ते नवरीला विचारायचे, "तुज्या दारात काय फुलतं?" जे फुलत असेल तेच काढायचे. गुलाब-कमळ मागणाऱ्या बापांना ते सरळ वाटेला लावत.

मी राहायला गेलो ते २००८ साल. त्याआधी दोन वर्षं अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला होता. चहाची बशी धरली तरी ती वाजायची. त्यांची बायको, रंभाबाईकाकू, त्यांना अर्धाच कप चहा द्यायची आणि "साखर संपत आली" असं काहीतरी कारण सांगायची. अण्णांना ते कळायचं. ते अर्धा कप पिऊन आणखी अर्धा मागायचे.

भाद्रपदात त्यांच्या मुलीचं, आरोहीचं, लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त. कारखान्यातून जुन्या सोबत्यांनी कोरी हिरवी पेटी आणून दिली आणि ती ओसरीवर तशीच पडून राहिली. अण्णा येता-जाता तिच्याकडे बघत नसत, इतकं की न बघणंच डोळ्यांत भरायचं. एकदा त्यांनी ब्रश घेतला. पहिल्याच पाकळीला ऑइलपेंटचा ओघळ झाकणभर गेला. रॉकेलच्या बोळ्यानं तो पुसला आणि म्हणाले, "साऱ्या तालुक्याच्या पोरींच्या पेट्या केल्या. माजीच पोर कोऱ्या पेटीनं जानार."

ते ऐकून मला राहवलं नाही. चित्र यंत्रावर काढून, छापून पेटीवर चिकटवायचं असं ठरवून मी लॅपटॉप आणि त्याला जोडायचं पॅड ओसरीवर आणलं. पॅडवर पेन फिरवलं की रेष पडद्यावर उमटते, हे अण्णांना दाखवलं. ते पॅडकडे बघत बसले. मी म्हटलं, "खाली नका बघू. हात इथं आणि नजर तिथं."

"म्हंजी बैल हितं आन् नांगूर तितं," अण्णा म्हणाले. "चालायचं कसं मंग?"

पण चाललं. तीन-चार रविवार गेले, माझे केस पिकायची वेळ आली, आणि चाललं. "दारात काय फुलतं?" असं त्यांनी आरोहीला विचारलं नाही, कारण ती आपण होऊन म्हणाली, "गोठ्यावरचं भोपळ्याचं फूल." मला हसू आलं. लग्नाच्या पेटीवर भोपळा! अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट आत जाऊन पाणी प्यायलो.

माझ्याजवळ हाताची थरथर काढून टाकणारी सोय होती. मोठ्या हुशारीनं मी ती चालू केली. अण्णांनी पाकळी काढली आणि ती तुळतुळीत आली. त्यांनी ती पाहिली, गोठ्याच्या पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये प्लास्टिकचं झालं. बंद कर त्ये." मी बंद केलं. मग त्यांनीच युक्ती काढली. चित्र मोठं करता येतं हे कळल्यावर त्यांनी एकेक पाकळी पडदाभर करायला लावली. इतक्या मोठ्या पाकळीत थरथर म्हणजे अगदी बारीक नागमोडी. फूल पुरं झालं की चित्र लहान करायचं.

पहिलं फूल लहान करून पाहिलं तो क्षण मी विसरणार नाही. भोपळ्याच्या फुलाची कड सरळ नसते, ती चुरगळलेल्या मलमलीसारखी असते. अण्णांची सगळी थरथर गोळा होऊन नेमकी त्या कडेवर बसली होती. मी चार वर्षं पगार घेऊन जी रेष खोटी-खोटी काढत होतो, ती माझ्यासमोर एका म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्यातून खरी उतरली होती. मी उठलो आणि अण्णांच्या पाया पडलो. ते ओशाळून म्हणाले, "आरं, भोपळा हाय त्यो."

रंग भरायला मी त्यांना बादली दाखवली. रेषेच्या आत टिचकी मारली की सगळी जागा एकदम रंगते. अण्णांनी टिचकी मारली तर रंग पडदाभर सांडला, कारण त्यांच्या रेषा जागोजागी उघड्या असायच्या. "वारं ये-जा कराया नको का?" असं त्यांचं म्हणणं. बादली त्यांनी टाकून दिली. पेननं एकेक फटकारा ओढून, देठाकडे हिरवट, टोकाकडे उन्हासारखा पिवळा, असा रंग भरला. एका फुलाला एक रविवार आणि दोन सकाळी लागत. मी कामाला निघायच्या आधी तासभर ते आंघोळ करून, टोपी घालून माझ्या शेजारी बसत. कंपनीत कामाला मी असा कधी बसलो नव्हतो.

लग्नाला सहा दिवस राहिले तेव्हा झाकणावरची सात फुलं काढून झाली. वेल, पानं, तणावे, सगळं पेटीच्याच हिरव्या रंगावर. अण्णा म्हणाले, "झालं. आता छापाया दे," आणि पत्रिका वाटायला मुळशीकडे गेले. पिरंगुटला किशोर नावाचा त्यांचा ओळखीचा माणूस पाठीमागून चिकट असलेल्या मोठ्या कागदावर चित्रं छापून द्यायचा. त्याला चित्र देण्याआधी मी शेवटची नजर टाकली आणि मला दिसलं, सातवं फूल कोरंच राहिलंय. नुसती रेष, आत हिरवं. म्हटलं, थकले बिचारे, नजरेतून सुटलं. फोन करून त्यांना कशाला ओशाळवाणं करायचं? मी बादली घेतली, पिवळा रंग उचलला आणि टिचकी मारली. फूल क्षणात भरलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. बाकी सहा फुलांच्या रेषा उघड्या आणि याचीच रेष पूर्ण बंद का, एवढा विचार चार वर्षं फुलं काढणाऱ्या माणसाला सुचला नाही.

छापील कागद आला तो लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या सकाळी. किशोर स्वतः येऊन पेटीवर चिकटवून गेला, बुडबुडा न ठेवता. आयाबाया जमल्या, "अण्णांचा हात आला परत" म्हणत काहींनी डोळे पुसले. मी मागे उभा राहून फुगत होतो. रंभाबाईकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात पिवळ्या ऑइलपेंटची छोटी डबी होती. त्यांनी झाकणावर एकेक फूल पाहिलं आणि सातव्यापाशी थांबल्या.

"ह्यो रंग ह्यांचा न्हाई," त्या म्हणाल्या.

अण्णा वाकले. एकच सपाट पिवळा डाग, मेलेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा जमलेल्या बायकांच्या बोलण्यातून मला कळलं. तीस वर्षं प्रत्येक पेटीवर अण्णा एक फूल कोरं ठेवत आले होते. ते नवरीच्या आईचं. पेटी घरातून निघायच्या आदल्या दिवशी आई बोट रंगात बुडवून ते भरायची. बायकांच्या हातून रंग बाहेर जाऊ नये म्हणून त्याच एका फुलाची रेष ते बंद करत. साऱ्या तालुक्याला हे ठाऊक होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नाही. शेकडो आयांसाठी फुलं ठेवून झाली आणि आज त्यांच्या स्वतःच्या घरातल्या आईची पाळी होती. ती मी एका टिचकीत उडवली होती.

"मी आत्ता परत छापून आणतो," मी म्हणालो. पण पिरंगुटच्या बाजूला वीज नव्हती, संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. आणि आली तरी चिकटवलेला कागद काढणार कसा! मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क माझा नव्हता.

काकूंनी डबी खाली ठेवली. "ब्लेड आना," त्या म्हणाल्या. आरोहीनं आणून दिलं. काकू पेटीपुढे मांडी घालून बसल्या आणि ब्लेडचं टोक त्या सातव्या फुलाच्या रेषेच्या आतल्या कडेवर टेकवलं.

या बाईनं जन्मात चित्र काढलं नव्हतं. पण तिचा हात त्या रेषेवरून न अडखळता निघाला. रेष थरथरली तिथं ब्लेड थरथरलं. ती वळली तिथं ते वळलं. नवऱ्याच्या हाताचा एकेक हिसका तिला आधीच माहीत असावा, तसं. दोन वर्षं ती रोज तोच हात धरून त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती, हे मला नंतर आरोहीनं सांगितलं. पाच पाकळ्या फिरून ब्लेड जिथून निघालं तिथं येऊन मिळालं. काकूंनी कागदाचं टोक उचललं आणि माझं फूल अख्खं सोलून काढलं. खाली पेटीचा हिरवा पत्रा कोरा होता. कडेची रेष जागच्या जागी होती.

त्यांनी बोट रंगात बुडवलं. भरताना रंग एका पाकळीबाहेर गेला. अण्णांचा हात सवयीनं पुसायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "ह्ये माजं हाय."

ऑइलपेंट रात्रभरात वाळत नाही. लग्नानंतर पेटी जीपमध्ये चढवताना अण्णा ओरडत होते, "रंग वला हाय, हात लावू नगा कुनी!" आरोही तेव्हा चढतच होती. ती वाकली आणि आईनं भरलेल्या फुलावर तिनं आपलं बोट मुद्दाम, पूर्ण टेकवलं. रंगात तिचं बोट उमटलं आणि बोटाला आईचा रंग लागला. ते तिनं पदराला पुसलं नाही, मुठीत धरलं. ओल्या रंगाला लागलेलं माशीचं पाऊलही अण्णांना खपत नसे. ते उमटलेल्या बोटाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ड्रायव्हरला हातानं निघायची खूण केली.