अंगठा गेल्यावरचा चाकू

नांदूरघाटच्या शिवारात एका विहिरीवर पाणी उपसायच्या चामडी मोटेची सोंड बांधून देत होतो. बैल धावेवर, मोट ओढायच्या उतारावर, उभे होते. कशाला बुजले कोण जाणे, एकाएकी पुढं सरले, मोटेचा जाड दोर, नाडा, ताणला गेला आणि माझा उजवा अंगठा नाडा नि चाकाच्या मधे सापडला. मोट सुटून विहिरीत गेली. अंगठा पार मुळापासून गेला.

जखम भरायला सगळा पावसाळा लागला. हात बरा झाला म्हणून एके सकाळी रापी घेऊन बसलो. चामडं कापायची रुंद पात्याची रापी तळहातात धरून अंगठ्याच्या जोरावर पुढं रेटावी लागते. माझ्या हातात ती टिकेना, घसरली, आणि चांगल्या कातड्यावर वाकडी रेघ ओढून गेली. डाव्या हातानं करून पाहिलं. तेही जमेना. मग माझी बायको कापायला लागली आणि मी नुसता शिवायचो. ती दिवसभर लोकांच्या रानात निंदायची, घरी येऊन भाकरी टाकायची, आणि दिवेलागणीनंतर रापी धरायची. कधी कधी कापता कापता तिचे डोळे मिटायचे. मी बघत बसायचो. बसून बसून माणूस किती शिणतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

घरात एक मिटता चाकू होता. तिच्या वडलांचा. ते आष्टीकडचे, आमच्याच धंद्यातले. बाजाराला निघाले की कमरेला असायचा. तंबाखू कापायला, वहाणेत मोडलेला काटा काढायला, शेळीचं दावं तोडायला. काळ्या शिंगाची मूठ, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. पातं पातळ, पण लोखंड असं की नखावर टेकवलं तर न घसरता तिथंच रुतून बसे. उघडताना कट्ट वाजायचं. ती कापून देईपर्यंत हाताला काम नसे म्हणून मी तो उघडायचो, मिटायचो. असंच एकदा कातड्याच्या तुकड्यावर ओढून पाहिला, आणि माझ्या ध्यानात आलं की रापी पुढं रेटावी लागते, हा आपल्याकडं ओढायचा. ओढायला चार बोटं पुरतात.

दुसऱ्या दिवशी जाड कातडं घेतलं. जोर लावला तसं पातं उलटं मिटलं आणि बोटांवर आलं. रक्त बघून बायको धावली.

"आता ही बी बोटं घालवायचीत का तुमाला?"

"न्हाई गं. मिटायचं थांबवलं पायजे ह्याचं, एवढंच."

तिनं चिंधी बांधली आणि पुन्हा कापायला बसली.

मी चालत बीडला गेलो. तिथं एक म्हातारा शिकलगार होता. तलवारी, कात्र्या, वस्तरे, सगळ्यांना धार लावायचा. त्यानं चाकू उन्हात धरला, पात्यावर बोट वाजवलं.

"लई भारी लोखंड हाय बे. असलं आता मिळत न्हाई. काय करायचं ह्याचं?"

"टोक काढून तिरपी धार करा चाचा. आन् पातं मिटू नये असं कायतरी बसवा."

"चांगली चीज कावून मोडायलास?"

मी उपरण्याआडचा हात वर केला. त्यानं हाताकडं पाहिलं आणि सहाण पुढं ओढली. टोक घासून तिरपं केलं. मागचा कोपरा गोल केला, म्हणजे ओढताना कातड्यावर ओरखडा उठू नये. मुठीच्या तोंडाशी पितळेचं कडं बसवलं. पातं उघडून कडं फिरवलं की ते जागीच घट्ट बसे.

घरी आल्यावर मुठीभोवती शेळीचं ओलं कातडं गुंडाळलं, कारण बारीक मूठ अंगठ्याशिवाय पकडता येईना. वरून एक पट्टा घातला, तळहाताभोवती आवळायचा. तो पट्टा बायकोनं माझ्या हातावरच शिवला. दोरा ओढताना मधेच विचारायची, "लागतंय का?" बऱ्याच दिवसांनी तिनं माझा हात इतका वेळ धरला होता.

पहिल्या वाद्या, चामड्याच्या लांब पट्ट्या, वाकड्या आल्या. मग सरळ यायला लागल्या. जाड कातडं मात्र अजून बायकोच रापीनं कापायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला कपिलधारकडच्या एका जमीनदाराचा माणूस आला. नवी मोट पाहिजे होती. माझा हात बघून म्हणाला, "तुझ्याच्यानं हुईल का?"

"बगतो करून," मी म्हणालो.

म्हशीचं कातडं अंगणात पसरलं. बायकोनं दोन्ही पायांनी दाबून धरलं आणि मी मागं सरकत सरकत चाकू ओढत गेलो. दंडात गोळे यायचे. पट्टा सोडला की बोटं वाकडीच राहायची, तिला एकेक करून सरळ करावी लागत. कातड्याचा वास आणि ऊन. असे कितीतरी दिवस गेले.

मोट विहिरीवर लावली तेव्हा मी चाकापासून लांब उभा राहिलो. बैल हलले तसा मी आणखी एक पाऊल मागं सरलो. मोट वर आली, विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात पाणी पडलं. एका शिवणीतून मात्र धार लागली होती.

"गळतीया की रं," जमीनदार म्हणाला.

"कातडं फुगलं की थांबंल, मालक."

थोड्या खेपांनी धार थांबली. तो होकाराची मान हलवून निघून गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण नुसतं वाटलं, कुठंतरी सावलीला आडवं व्हावं.

घरी आलो तर बायको उंबऱ्याला टेकून बसली होती. "जमली?" तिनं विचारलं.

"जमली. पण आता मोटेचं काम घ्यायचं न्हाई. वाद्या, आसूड, वहाणा. जेवढं ह्या चाकूनं आन् ह्या हातानं हुईल तेवढं."

"मग मला रापी धरायची न्हाई?"

"न्हाई."

ती उठली. मग आत गेली, घोंगडी अंथरली आणि भर दुपारी झोपली. मी तिला उठवलं नाही. त्या दिवशी चूल मीच पेटवली.